१९६७ च्या फार्गो ट्रकचं सगळं वायरिंग स्वतः बदलायचंय. सुरुवात कुठून करू?

राऊची_फार्गो

नमस्कार. इंदूरहून लिहितेय.

आमच्याकडे आजोबांचा फार्गो ट्रक आहे. १९६७ चा, बोनेटवाला, पर्किन्सचं पी-६ डिझेल इंजिन, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. (डॉज आणि फार्गो म्हणजे एकच ट्रक, बोनेटवरचा बिल्ला तेवढा वेगळा.) आजोबा ह्याच ट्रकनं इथल्या गिरण्यांच्या कापडाच्या गाठी मुंबईला न्यायचे. भेरूघाट उतरून खलघाटाला नर्मदा ओलांडायची, मग सेंधवा, मग धुळे. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली, आजोबाही थकले होते, आणि ट्रक राऊला काकांच्या शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच. इंजिन आणि ब्रेकचं काम आम्ही गेल्या दिवाळीपर्यंत करून घेतलं. वायरिंग मात्र मला स्वतःच्या हातानं करायचंय, त्याचं कारण सांगते.

मार्चमध्ये नवी बॅटरी घेतली. दुकानातला मुलगा शेतावर येऊन बसवून गेला. संध्याकाळी मी गाडी सुरू केली, बाबा शेजारी बसले होते, वय ७४. हेडलाइट लावले, थोडी रेस दिली आणि डॅशबोर्डच्या मागून धूर यायला लागला. मी खाली उडी टाकली, बॅटरीच्या डब्याकडे धावले आणि चेसीकडे जाणाऱ्या केबलचा क्लॅम्प ओढला. पाना न लावता, नुसत्या हातानं तो निघून आला. तो घट्ट असता तर आज ट्रक राहिला नसता. मग केबिनमध्ये चढून स्टॉपची केबल ओढली तेव्हा इंजिन बंद झालं. बाबा तोवर जागचे हलले नव्हते, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उघडला. दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिककडून वायरिंग करून घेतलं होतं, त्यानं सगळीकडे घरगुती फिटिंगची एक चौरस मिलीमीटरची वायर वापरलेली, सगळी लाल. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पीळ. ॲमीटरच्या मागच्या नटापाशी वायरवरचं प्लॅस्टिक वितळून ओघळलेलं. आणि ह्या लाल वायरींच्या खाली मूळची, सुती विणीची जुडी तशीच होती. ती जरा वाकवली की आतलं रबर भुकटी होऊन बोटांवर येतं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. घरातले बोर्ड स्वतः बदलते, सोल्डरिंग चांगलं जमतं, पण गाडीच्या वायरिंगला कधी हात लावलेला नाही. सध्या बॅटरी काढून ठेवलीय. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावलीय, फोटो काढलेत. सिस्टीम १२ व्होल्टची, चार्जिंगला डायनॅमो आणि कटआउट-रेग्युलेटरचा डबा (कटआउट म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच). इंडिकेटर नंतर कुणीतरी जोडलेले.

विचारायचं ते असं: वायर किती जाडीची घेऊ? सांधे सोल्डर करू की लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबू? डायनॅमो काढून अल्टरनेटर लावा असं इथे दोघांनी सांगितलं, ते करावं का? आजोबा रात्री घाटात थांबले की पायानं रेस देत बसायचे, नाहीतर दिवे पिवळे पडायचे, असं बाबा सांगतात. मूळचं ठेवावं असं मनात आहे, पण दिवे नीट लागायला हवेत. खंडेनवमीला ट्रकची पूजा करून त्याच रात्री बाबांना मानपूरपर्यंत न्यायचंय.

बडोद्याचा_जीपवाला

ताई, मी दांडिया बाजारातल्या घराच्या अंगणात माझ्या महिंद्र जीपचं वायरिंग दोन उन्हाळे घालवून केलं. पहिला उन्हाळा वाया गेला तो एकाच चुकीमुळे: जुनी जुडी उपसून टाकली आणि मग नवी करायला बसलो. तुम्ही तसं करू नका. जुनी जुडी अख्खी बाहेर काढा, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर अंथरा, जिथे जिथे फाटा फुटतो तिथे खिळे ठोका आणि नवी वायर त्या खिळ्यांवरून ओढा. जुनी जुडीच तुमचा नकाशा. प्रत्येक टोकाला वीतभर वायर जास्त ठेवा. जास्तीची कापता येते, आखूड पडली की मधे सांधा येतो आणि जिथे सांधा तिथे पुढे बिघाड.

वायर ऑटो केबल म्हणून मिळते तीच घ्या. तिच्यात बारीक तारा पुष्कळ असतात, हादऱ्यानं तुटत नाहीत, आणि इंजिनाजवळची उष्णता सोसणारी मिळते. हिशेब तुम्हाला मी काय शिकवायचा, पण ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. हेडलाइटला २.५ चौरस मिलीमीटर, ब्रेक आणि मागच्या दिव्यांना १.५, बॅटरीकडून ॲमीटर आणि फ्यूजच्या डब्यापर्यंतची मुख्य वायर ६. तुमच्या ट्रकची लांबी मोठी, त्यामुळे मागच्या दिव्यांना हात आखडता घेऊ नका. स्टार्टरची केबल वेगळी, जाड, आणि ती फ्यूजमधून जात नाही. म्हणून तिचा रस्ता सर्वांत जपून आखा, पत्र्याच्या कडेवर कुठेही घासता कामा नये.

हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह जोडणारा स्विच, लावाच. त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरी, ८७ वरून दिवा, ८५-८६ मध्ये स्विच आणि अर्थ (चेसीची जोडणी). जुन्या पायाच्या डिपरमधून (हेडलाइटचा झोत वर-खाली करायचा स्विच) मग फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह जातो, तो जळत नाही आणि दिव्याला पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळतो. रिले बोनेटखाली लपवता येतो, बाहेरून ट्रक जुनाच दिसतो. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला फ्यूज वेगवेगळे द्या. घाटात एक फ्यूज उडाला तर दुसरा दिवा चालू राहिला पाहिजे.

सोल्डरबद्दल: तुमचा हात चांगला असला तरी ट्रकमध्ये नको. सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, ते जिथे संपतं तिथे वायर कडक आणि लवचीक भागाच्या सीमेवर रोज हादरे खाते आणि नेमकी तिथेच तुटते. रॅचेटचा क्रिम्पिंग प्लायर घ्या, लग दाबा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. दाबल्यावर प्रत्येक लग जोर लावून ओढून बघा.

नाशिक_रोड

ताई, रागावू नका, पण एकदा धूर निघालेल्या गाडीत वडिलांना बसवून रात्री घाट चढायचा, तोही पहिल्यांदाच केलेल्या वायरिंगवर? हे काम जाणकाराला द्या. पैसे जातील, पण जीव महत्त्वाचा.

राऊची_फार्गो

@नाशिक_रोड, रागावले नाही. तुमची काळजी मला पटते, म्हणूनच तर विचारतेय. पण पैसे मोजून करून घेतलेल्या वायरिंगलाच आग लागत होती. फ्यूजच्या जागी तार पिळलेली आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं, कारण मी उघडून बघितलंच नव्हतं. आता जी वायर जाईल ती कुठून कुठे जाते, किती जाडीची आहे आणि कुठल्या फ्यूजवर आहे हे मला अंधारात हात लावून सांगता आलं पाहिजे. झाल्यावर जाणकाराला दाखवीन, हे नक्की.

@बडोद्याचा_जीपवाला, फळीची युक्ती करतेय. आमच्या शाळेच्या वर्कशॉपमधून आठ बाय चारची मिळाली.

सांगलीचा_ऑटोइलेक्ट्रिक

ताई, तुमचं पहिलं पत्र दोनदा वाचलं. माझं वय ७१, चाळीस वर्षं ट्रकची वायरिंग हेच काम. वायरीकडे वळण्याआधी मला तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, चेसीला जाणारा क्लॅम्प नवीन बॅटरीवर इतका सैल का होता की तो हातानं निघाला? दुसरा क्लॅम्प कसा बसलाय, नीट की फाकवून?

दोन, त्या संध्याकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी दिवे लावले होते का? तेव्हा ॲमीटरचा काटा कुठल्या बाजूला गेला? वडिलांना विचारा, जुन्या माणसाची नजर काट्यावर असते.

तीन, कटआउटचा डबा उघडून पॉइंट बघितलेत का?

उत्तरं येईपर्यंत अर्थबद्दल, म्हणजे चेसीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या रस्त्याबद्दल, सांगून ठेवतो. ट्रकवाले वायर बदलतात, बल्ब बदलतात, अर्थ कुणी बघत नाही. दिव्याला जेवढी वायर जाते तेवढाच परतीचा रस्ता लागतो आणि तुमच्याकडे तो पन्नास वर्षांच्या गंजातून जातोय. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनापासून चेसीपर्यंत विणीची जाड पट्टी हवीच. ती तुटली की स्टार्टरचा प्रवाह मिळेल तो रस्ता धरतो: रेसची केबल, स्पीडोमीटरची केबल. रेसची केबल लाल झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय. केबिनलाही वेगळी पट्टी द्या. हेडलाइट आणि मागच्या दिव्यांना अर्थची स्वतंत्र वायर ओढा, बॉडीच्या भरवशावर सोडू नका. जिथे लग बसवाल तिथला रंग कानसनं काढून पांढरा पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

हे आधी मोजून बघता येईल. बॅटरी जोडायला सांगेन तेव्हा दिवा चालू ठेवून मीटरची एक सळई बॅटरीच्या अर्थच्या खांबावर आणि दुसरी दिव्याच्या पत्र्यावर धरा. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं.

राऊची_फार्गो

काका, आज सकाळीच राऊला जाऊन आले. उत्तरं लिहिताना हात थोडा कापतोय.

एक. चेसीला जाणारी केबल लाल आहे. मला वाटत होतं मेकॅनिकनं रंग चुकवला. तिचा क्लॅम्प बॅटरीच्या मायनसच्या खांबावर होता, आणि मायनसचा खांब बारीक असतो हे मला मीटरपट्टीनं मोजेपर्यंत माहीत नव्हतं. क्लॅम्पचं भोक मोठं, प्लसच्या मापाचं. दुसरा क्लॅम्प, जो प्लसवर होता, तो फाकवून वर हातोड्यानं ठोकलाय. शिशावर घावांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

दोन. बाबा म्हणाले, "दिवे लावले तेव्हा काटा चार्जकडे गेला. मला वाटलं नव्या बॅटरीमुळे असेल." इंजिन तेव्हा बंद होतं.

तीन. कटआउटचे पॉइंट एकमेकांना चिकटलेत. पात्यानं वेगळे करावे लागले, दोन्हींवर खड्डे पडलेत.

म्हणजे हा ट्रक मुळात प्लस अर्थचा आहे, आणि नवी बॅटरी उलटी जोडली गेली?

सांगलीचा_ऑटोइलेक्ट्रिक

बरोबर ओळखलंत. आजकाल सगळ्या गाड्यांना मायनस चेसीला असतो, त्या मुलानं सवयीनं तसं जोडलं. क्लॅम्प बसत नव्हते तेव्हा त्यानं थांबायला हवं होतं.

बल्ब आणि स्टार्टरला फरक पडत नाही. दिवा दोन्हीकडून लागतो, आणि असा स्टार्टर उलट्या जोडणीवरही त्याच दिशेनं फिरतो. म्हणून गाडी सुरू झाली आणि कुणाला संशय आला नाही. ॲमीटर मात्र उलटा दाखवतो. दिवे लावल्यावर काटा चार्जकडे जाणं ही पहिली खूण होती. डायनॅमोच्या लोखंडात जुन्या दिशेचं चुंबकत्व शिल्लक असतं. तुम्ही रेस दिली, डायनॅमोनं जुन्या दिशेनं दाब दिला, कटआउट मिटला. एरवी डायनॅमो आणि बॅटरी समोरासमोर असतात, इथे दोघं एकामागे एक आले. मधे ॲमीटर, ती बारीक वायर आणि फ्यूज नाही. मग पॉइंट चिकटणार आणि वायर वितळणार.

आता दोन मार्ग. प्लस अर्थच ठेवायचा किंवा मायनस करायचा. मोबाइल चार्जर, एलईडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावायचे असतील तर मायनस करा. नसतील तर आहे ते ठेवा, आणि डायनॅमोही ठेवा. १२ व्होल्टचा लुकासचा डायनॅमो साधारण २२ अँपिअर देतो, तुमच्या दिव्यांना पुरेसा आहे. इंजिन मंद फिरताना तो फारसं काही देत नाही, त्याचमुळे तुमच्या आजोबांना रेस द्यावी लागायची. चांगली बॅटरी आणि चांगले अर्थ असले की त्या काही मिनिटांत दिवे पिवळे पडत नाहीत.

काहीही ठरवलंत तरी डायनॅमोला पुन्हा दिशा द्या. डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) ह्या दोन्ही वायरी डायनॅमोवरून काढा. बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबाची वायर एफच्या खांबावर क्षणभर टेकवा, ठिणगी उडेल, लगेच उचला. दोन-तीनदा, बस. जोडताना डी आणि एफची अदलाबदल होऊ देऊ नका. कटआउटचा डबा दुसरा मिळवा, हे पॉइंट घासून वापरू नका.

आणि पहिल्यांदा बॅटरी जोडाल तेव्हा थेट जोडू नका. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब बॅटरीचा खांब आणि अर्थची केबल ह्यांच्या मधे घाला, सगळे स्विच बंद ठेवून. बल्ब विझलेला राहिला तर स्विचच्या अलीकडचं वायरिंग स्वच्छ. पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाणार नाही, काही जळणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जा, बल्ब विझेल ती लाइन दोषी.

बडोद्याचा_जीपवाला

काका, माझ्या जीपचा कटआउट असाच दोनदा चिकटला होता आणि मी दोन्ही वेळा नुसता डबा बदलला. आज समजलं. धन्यवाद.

राऊची_फार्गो

साडेतीन महिन्यांनी लिहितेय. मधे परीक्षा आणि पावसाळा आला. शेडमध्ये पाणी शिरलं होतं, फळी खाटेवर उचलून ठेवावी लागली.

काम सुरू करण्याआधी काकांनी सांगितलं तसं मोजलं. जुन्या वायरीतला जळालेला तुकडा बदलून, बॅटरी सरळ जोडून, एका मिनिटापुरते हेडलाइट लावले. बॅटरीवर १२.४, दिव्याच्या होल्डरवर ९.९. अडीच व्होल्ट वाटेत गेले, त्यातला दीड नुसता अर्थच्या बाजूला. बल्बचा उजेड दाबापेक्षा कितीतरी वेगानं उतरतो, म्हणजे दिवे निम्म्याहून कमी उजेड देत होते. मी हे आकडे बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि मुलांना विचारलं, दोष कुठे शोधाल? सगळे वायर म्हणाले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, परतीची वायर कुठेय?"

रंगांसाठी जुनी ब्रिटिश पद्धत धरली, मूळ जुडीतही तीच अंधुक दिसत होती: बॅटरीची तपकिरी, स्विचनंतरची पांढरी, हेडलाइटची निळी, टेललॅम्पची लाल, अर्थ काळी. आता डॅशबोर्डखाली वाकलं की ओळख पटते. कटआउटचा डबा लोहामंडीत जुन्या सामानात चौथ्या दुकानात मिळाला. लग एकूण ११८ दाबले, ओढून बघताना त्यातले नऊ निघून आले, ते परत केले. सुरुवातीचेच होते सगळे, हात बसल्यावर एकही निघाला नाही. मुख्य वायरीला बॅटरीजवळच ४० अँपिअरचा फ्यूज घातला. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबराचे ग्रोमेट आणि चेसीवरून जाणारी जुडी फ्लेक्सिबल पाइपमध्ये.

प्लस अर्थ तसाच ठेवला. बॅटरीच्या डब्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं: "धन अर्थ. लाल केबल चेसीला." खाली तेच हिंदीतही लिहिलं, कारण बॅटरी बसवायला पुढेही कुणीतरी येईलच.

सीरिजचा बल्ब पहिल्याच वेळी पेटला. एकेक फ्यूज काढत गेले, ब्रेकच्या लाइनचा काढल्यावर विझला. ब्रेकच्या स्विचला येणाऱ्या जोडणीपाशी वायरीची एक तार बाहेर राहून पत्र्याला टेकली होती, केसाएवढी. ती कापली, परत जोडलं, बल्ब विझलेला राहिला. मग थेट जोडलं.

आता बॅटरीवर १२.५ असताना हेडलाइटवर १२.१ मिळतात. @नाशिक_रोड, इथल्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका जुन्या ऑटोइलेक्ट्रिशियनना आणून सगळं दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी जुडीला आणखी क्लिपा मारायला लावल्या, स्टार्टरची केबल एक इंच वर घ्यायला लावली. तेवढं केलं.

खंडेनवमीला बाबांनी ट्रकला हार घातला, पान्यांची आणि माझ्या क्रिम्पिंग प्लायरचीही पूजा केली. रात्री साडेआठला निघालो. मानपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मी गाडी थांबवली, इंजिन मंद ठेवलं, दिवे चालूच होते. काटा डिस्चार्जकडे, साधारण आठवर. बाबा काट्याकडे बघत होते, मग समोरच्या लिंबाच्या झाडाकडे. त्यांचा उजवा पाय हलत होता, रेस देण्यासाठी, ते बसले होते त्या बाजूला पेडल नव्हतं तरी. झाडावरचा उजेड पांढराच राहिला. मी थोडी रेस दिली तसा काटा मधे आला आणि चार्जकडे गेला.

इंडिकेटरचा फ्लॅशर गरम झाला की लुकलुक मंद होते, तेवढं राहिलंय. त्यासाठी वेगळा धागा काढते, काकांनी तिथेही यावं ही विनंती.